मोटोक्रॉसचे फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, उड्या असलेल्या ट्रॅकवरची मोटरसायकल रेस, आणि सुपरक्रॉस हा तिचाच मैदानात बांधलेल्या ट्रॅकवरचा प्रकार. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तेव्हापासून ‘रेसला जायचंय, लेन्स कुठली घेऊ?’ हा प्रश्न ओळखीचे-अनोळखी सगळेच विचारतात. राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्या आणि गावोगावच्या डर्ट ट्रॅक रेस आपल्याकडे त्याआधीपासून होत आल्या आहेत. खालची उत्तरं अशाच मुरमाच्या मैदानांसाठी आहेत. युरोपातल्या डोंगरउतारावरच्या ट्रॅकसाठी त्यातलं थोडं बदलेल, सगळं नाही.

एकच लेन्स घ्यायची आहे. कोणती घेऊ?

तुम्ही उभे कुठे राहणार, ते आधी सांगा. एफ नंबर (लेन्सचं आतलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडतं त्याचा आकडा; लहान आकडा म्हणजे जास्त प्रकाश), कंपनी, बजेट हे सगळं त्यानंतर. मोटोक्रॉसची गाडी साधारण २.२ मीटर लांब असते. पुढेमागे थोडी मोकळी जागा सोडली, तर फ्रेममध्ये ३.६ मीटर रुंदी मावायला हवी. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, त्यामुळे हिशेब तोंडी होतो: गाडी तुमच्यापासून जितके मीटर दूर, त्याच्या दहापट फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा. २० मीटरवर २०० मिमी, ४० मीटरवर ४०० मिमी. कॅमेरा क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा असेल तर दहापटीऐवजी सहा-साडेसहापट धरा. म्हणजे २० मीटरला १३० मिमी आणि ४० मीटरला २६० मिमी पुरतं.

हा हिशेब आडव्या, बाजूने दिसणाऱ्या गाडीचा. समोरून अंगावर येणारी गाडी अरुंद दिसते, तिथे याच्या दीडपट लागते, किंवा कॅमेरा सरळ उभा धरायचा.

तरीही ट्रॅक न बघता एकच नाव सांगा म्हणालात, तर ७०-२०० एफ/२.८. आपल्याकडचे सुपरक्रॉस ट्रॅक आटोपशीर मैदानावर माती टाकून बांधलेले असतात. ट्रॅकच्या कडेला बांधलेल्या टेपजवळ उभं राहता आलं, तर बहुतेक फोटो याच टप्प्यात येतात.

माझ्याकडे मीडिया पास नाही. प्रेक्षकांच्या बाजूने काढायचे आहेत.

मग मामला वेगळा. बॅरिकेड आणि ट्रॅक यांच्यात अंतर असतंच, शिवाय हवी ती उडी नेमकी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असते. इथे ७०-२०० घेऊन गेलात, तर घरी येऊन निम्मा फोटो कापून टाकाल. फुल फ्रेमवर १००-४०० किंवा त्याहून लांब घ्या, क्रॉपवर ७०-३०० पुरेल. सराव सुरू असताना मैदानाला एक चक्कर मारा. बॅरिकेडपासून गाडी सगळ्यात जवळून कुठे जाते ते बघून ठेवा. जाळीच्या कुंपणामागून काढायचं असेल, तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. जाळी विरघळून जाते, फक्त कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो.

एफ/२.८ लागतंच का? ती लेन्स फार महाग आहे.

दिवसाच्या रेससाठी लागत नाही, हे माझं स्पष्ट मत. आपल्याकडच्या कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० आणि एफ/५.६ ला १/१६०० सेकंदाचा शटर आरामात मिळतो. गाडी गोठवायला तेवढा भरपूर झाला.

उलट, एफ/२.८ ची एक अडचण कोणी सांगत नाही. फुल फ्रेमवर २०० मिमी, २० मीटर अंतर आणि एफ/२.८ असताना फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग धारदार येतो ते अंतर, जेमतेम १.७ मीटर भरते. गाडी २.२ मीटरची. समोरून येणाऱ्या रायडरचं हेल्मेट धारदार आणि मागचं चाक पुसट, असा फोटो मिळतो. कधी तो हवा असतो, कधी नसतो. एफ/४ ला ही खोली २.४ मीटर होते आणि अख्खी गाडी बसते. त्यामुळे एफ/२.८ ची लेन्स असलेले अनेक जणही दिवसा एफ/४ वरच काम करतात.

‘पण मागचं बॅकग्राउंड?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. गाडी फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवली, तर लांबचं बॅकग्राउंड किती वितळणार हे लेन्सच्या उघड्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ नंबर. २०० ला २.८ ने भागा, ७१ मिमी. ४०० ला ५.६ ने भागा, तेही ७१ मिमी. म्हणजे २० मीटरवर पहिली आणि ४० मीटरवर दुसरी घेऊन उभे असलेल्या दोघांच्या फोटोत मागची होर्डिंगं सारखीच धूसर होतात. जी लेन्स ‘स्लो’ म्हणून हिणवली जाते, तीच लांबून हा परिणाम देते.

एफ/२.८ चं खरं मोल सूर्य कलल्यावर कळतं.

रात्रीच्या, लाईटखालच्या रेससाठी?

इथे मात्र हट्टाने एफ/२.८. एफ/५.६ ला प्रकाश चारपट कमी मिळतो. एफ/२.८ ला जिथे आयएसओ ३२०० वर भागतं, तिथे एफ/५.६ ला १२८०० लागतं आणि एफ/६.३ ला जवळपास १६०००. ऑटोफोकसलाही अंधारात उघडं अ‍ॅपर्चर मदत करतं.

आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे साधे फ्लडलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना काही कळत नाही, पण १/१००० ला काढलेल्या दहा फोटोंतले तीन पिवळट आणि काळपट निघतात. दोष लेन्सचा नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करा. फ्लॅश मात्र बॅगेतच राहू द्या. उडीवर असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नसतो, मग आयोजकांनी मनाई केलेली असो वा नसो.

कॅमेऱ्यासोबत ५५-२५० आली आहे. ती चालेल?

चालेल. क्रॉप बॉडीवर २५० मिमी म्हणजे जवळपास ४० मीटरपर्यंतची पोच. कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३०० यांचं फोकस त्यांच्या किमतीच्या मानाने चांगलंच चपळ आहे. फक्त निकॉनवाल्यांनी एक बघावं: डी९० सारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्स चालत नाहीत. सोनीवर टॅमरॉनची ७०-३०० आणि कॅनन मिररलेसवर आरएफ १००-४०० या हलक्या आणि खिशाला परवडणाऱ्या लेन्स आहेत. आरएफ १००-४०० चं वजन अवघं ६३५ ग्रॅम. ४०० मिमीला ती एफ/८ होते, पण दुपारच्या उन्हात त्याने काही अडत नाही. ढग दाटून आले की मात्र जाणवतं.

या लेन्सवर एक हंगाम काढा, मग पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल.

मित्र म्हणतो, सरळ १५०-६०० घे.

मित्र बहुधा पक्ष्यांचे फोटो काढतो. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० उत्तम आहेत, सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० तर आणखी सरस. या शेवटच्या दोन्ही झूम करताना लांब होत नाहीत, त्यामुळे हातातला तोल तसाच राहतो आणि धूळही कमी ओढली जाते. पण दोन किलोच्या आसपास वजन घेऊन दिवसभर उभं राहायचं, आणि गाडी ८ मीटरवरून गेली की १५० मिमीलाही पुढचं चाक फ्रेमबाहेर. क्रॉप बॉडीवर तर ही सुरुवातच फार पुढून होते. मोठ्या मोकळ्या ट्रॅकसाठी, किंवा पास नसलेल्यांसाठी जरूर घ्या. एकमेव लेन्स म्हणून घेऊ नका.

लांब लेन्सला आपल्या हवामानाचा आणखी एक शाप आहे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या मातीवरून हवा थरथरत वर चढते. ६०-७० मीटरवरची गाडी त्या थरातून पाहिली की फोटो मऊ येतो, मग लेन्स कितीही महागाची असो. सकाळच्या सरावात हाच फोटो कापल्यासारखा स्वच्छ मिळतो.

इमेज स्टॅबिलायझेशन हवं का?

गोठवलेल्या फोटोंसाठी अजिबात नको. १/१००० च्या वर हाताची थरथर दिसत नाही आणि गाडीचा वेग स्टॅबिलायझेशनने थांबत नाही. म्हणूनच सेकंडहँड बाजारात कॅननची आयएस (म्हणजे स्टॅबिलायझेशन) नसलेली जुनी ७०-२०० एफ/२.८ दिसली, तर मी नाक मुरडणार नाही. तेवढीच धारदार, पैसे बरेच कमी.

पॅनिंगसाठी, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत संथ शटरवर काढायच्या फोटोंसाठी, मात्र उपयोग होतो, तोही योग्य मोड लावला तरच. कॅनन आणि सोनीच्या बहुतेक टेलि लेन्सवर मोड २ हा पॅनिंगचा असतो, निकॉनवर स्पोर्ट. साध्या मोडवर ठेवून पॅन केलं, तर लेन्स तुमची मुद्दाम केलेली हालचालही रोखायला बघते आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र झटके देतं.

पॅनिंगला कोणती लेन्स बरी?

७०-२०० चाच ७० ते १३५ मिमीचा टप्पा, आणि ट्रॅकच्या आडव्या सरळ भागासमोरची जागा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी १/१००० सेकंदात १.४ सेंटिमीटर सरकते आणि १/१०० मध्ये १४ सेंटिमीटर. म्हणून १/२००० ला काढलेल्या फोटोत चाकाचे स्पोक मोजता येतात आणि गाडी हवेत पार्क केल्यासारखी दिसते. १/१२५ ला स्पोक फिरतात, मागची गर्दी रंगांच्या पट्ट्या होते. तिथून सुरुवात करा, हात बसला की १/६० पर्यंत उतरा.

भर दुपारी १/६० ठेवलात तर आयएसओ १०० ला अ‍ॅपर्चर एफ/२० च्या पुढे जातं. तिथे फोटो मऊ होतोच, शिवाय सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात काळा ठिपका होऊन बसतो. तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारा एनडी फिल्टर लावला की परत एफ/७ च्या आसपास येता. लेन्सच्या तोंडाच्या मापाचा एनडी बॅगेत हवाच. पॅनिंगची आवड असेल तर ही खरेदी नव्या लेन्सच्या आधी.

टेलिकन्व्हर्टर लावून भागेल?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायचा, फोकल लेंग्थ वाढवणारा जोड. १.४एक्स लावला की ७०-२०० एफ/२.८ ची ९८-२८० एफ/४ होते. दिवसा हे झकास चालतं. २एक्सने एफ/५.६ होतं आणि फोकस थोडं सुस्तावतं, ते मी टाळतो. घेण्याआधी आपली लेन्स कन्व्हर्टर स्वीकारते का, ते बघा. कॅननची २०१९ ची आरएफ ७०-२०० एफ/२.८ स्वीकारत नाही. ती दुमडून छोटी होणारी आहे, आणि बॅगेत वाचलेल्या जागेची किंमत अशी मोजावी लागते.

सिग्मा-टॅमरॉन घ्यावी की कंपनीचीच?

बिनधास्त घ्या. सोनीच्या ए९, ए१ सारख्या अतिवेगवान बॉडी असतील तर मात्र एक मर्यादा आहे: दुसऱ्या कंपनीच्या लेन्सवर बर्स्ट (बटण दाबून ठेवून काढलेले सलग फोटो) सेकंदाला १५ फोटोंवर अडतो आणि टेलिकन्व्हर्टर चालत नाही. १५ फोटो कमी पडतात असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सेकंडहँड घेताना काय बघू?

टेलि लेन्ससाठी सेकंडहँड हाच शहाणा मार्ग, पण बघून घ्या, फोटोवरून नको. मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढच्या काचेतून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास निघते. किंमत कितीही उतरवली तरी परत द्या. आतले दोन-चार धूलिकण चालतात, फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरची बारीक चरही सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरची दिसते.

मग दुकानाबाहेर या. रस्त्यावरून येणाऱ्या रिक्षावर कंटिन्युअस (हलत्या गोष्टीमागे सतत फिरणारा) फोकस लावा आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर बर्स्ट मारा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून नंबर प्लेट वाचा. सलग फ्रेममध्ये वाचता आली तर मोटर ठीक आहे. फोकस होताना करकर आवाज येत असेल, किंवा झूम रिंग मध्येच अडत असेल, तर आत माती गेलेली आहे.

निकॉनच्या जुन्या एएफ ८०-२०० एफ/२.८डी स्वस्तात मिळतात म्हणून अनेकांना भुरळ पडते. त्यांच्यात फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती नाही, आणि मिररलेस बॉडीवर जुन्या लेन्स लावायच्या एफटीझेड अडॅप्टरवरही ऑटोफोकस होत नाही. कॅननवाले सुखी आहेत: जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेवर नीट चालतात.

वाइड लेन्स न्यावी का?

रेस सुटते त्या गेटसाठी न्या. सगळे एका रांगेत, इंजिनं तापलेली, गेट पडायच्या आधीचे ते काही क्षण २४-७० मध्ये छान येतात. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, चेन धुणारा मेकॅनिक आणि चिखलाने माखलेले बूटही तिच्यातच येतात. पण होलशॉटचा, म्हणजे पहिलं वळण कोण सगळ्यांच्या आधी घेतो त्या क्षणीच्या झुंडीचा फोटो लांब लेन्सनेच काढा. टेलि लेन्सने मागचे-पुढचे रायडर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि गर्दीची खुमारी येते.

माझा फोकस सतत चुकतो. लेन्स बदलू?

आधी सेटिंग बदला. ५० च्या वेगाने समोर येणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जवळ येते. सेकंदाला १० फोटो काढलेत, तर दर फोटोला अंतर १.४ मीटरने घटलेलं. सिंगल फोकसवर हे जमूच शकत नाही. कंटिन्युअस लावा, लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचं अंतर कापून टाका, म्हणजे समोरून उडालेल्या ढेकळावर किंवा टेपवर फोकस जाऊन परत येण्यात वेळ जात नाही.

उडीवर कुठे धरायचं तेही सांगतो. चढावामागून आधी हेल्मेटचा पुढचा छज्जा दिसतो, मग गॉगल, मग हँडलवरची नंबर प्लेट, आणि मग अख्खी गाडी आकाशात. हेल्मेट दिसल्याबरोबर फोकस सुरू करा, पण शटर नंबर प्लेट दिसेपर्यंत दाबू नका. मागे मोकळं आकाश असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट वाढवा, नाहीतर रायडरची नुसती काळी आकृती येते.

मिररलेसवर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर ठेवला असेल, तर तोही बघा. बऱ्याच बॉडीवर त्याने चाकं अंडाकृती आणि मागचे खांब तिरके येतात. रेसच्या गोंगाटात शटरचा आवाज कोणाला ऐकू येणार आहे?

धूळ आणि चिखलातून लेन्स कशी वाचवू?

ट्रॅकवर लेन्स बदलू नका, हा पहिला नियम. दोन बॉडी असतील तर दोन लेन्स, एक असेल तर एकच. अगदीच बदलायची झाली तर गाडीत बसून, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून.

लेन्सच्या तोंडावरचा हूड कायम लावलेला असू द्या. ढेकूळ हूडवर आदळतं, काचेवर नाही. वळणावर मागचं चाक रुतलं की मातीचा फवारा किती लांब जातो, हे एकदा तोंडावर घेतल्याशिवाय पटत नाही. त्यात मुरमाचे खडे असतात. एरवी मी यूव्ही फिल्टरच्या बाजूचा नाही, इथे मात्र लावतो. पांढऱ्या लाईटखाली त्याने भुताटकीसारखे ठिपके येतात, तेव्हा काढायचा.

काच टी-शर्टने पुसायची नाही. मुरमाची धूळ म्हणजे बारीक दगडच, पुसली की ओरखडा. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. चिखल असेल तर वाळू द्या, मग झाडा.

पावसाळी रेस असेल तर महागडं रेन कव्हर नसलं तरी चालतं. जाड प्लास्टिकची पिशवी, हूडभोवती रबर बँड, मागे व्ह्यूफाइंडरसाठी भोक. ‘वेदर सील्ड’ लिहिलंय म्हणून नळाखाली धरू नका. घरी आल्यावर ओली लेन्स लगेच बॅगेत कोंबली तर दोन-तीन आठवड्यांत बुरशी धरते. आधी पंख्याखाली वाळवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४०-५० टक्के.

मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घेऊ का?

दोन किलोच्या लेन्सला हो. ७०-२०० ला नको, उड्यांच्या मागे कॅमेरा वर न्यायला तो आडवा येतो.

मोबाईलने नाही का होणार?

पिटमध्ये होईल. ट्रॅकवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा, तो मोबाईलवर खरंच चांगला येतो.

कुठे उभं राहू, की लेन्सही वाचेल आणि मीही?

वळणाच्या आतल्या बाजूला. गाडी निसटली की बाहेर फेकली जाते, आणि बाहेरच्या बाजूचा कोन कितीही मोहक असला तरी तिथे मार्शलने परवानगी दिलेल्या जागेखेरीज थांबू नये. उडी जिथे उतरते त्या रेषेत तर कधीच नाही. लांब लेन्समधून बघताना बाजूने येणारी दुसरी गाडी दिसत नाही, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा किंवा पाठीमागे मित्र उभा करा. पिवळा झेंडा हलला की कॅमेरा खाली, आधी कोण पडलंय ते बघायचं.

भाड्याने घेऊन बघू का?

जरूर. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्यावर सगळ्या मोठ्या टेलि लेन्स मिळतात, ओळखपत्र आणि कधी अनामत ठेवावी लागते. रेस धुळीची आहे हे आधीच सांगा, आणि घेताना लेन्सचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. परत देताना झूम रिंगमध्ये माती सापडली की वाद तिथूनच सुरू होतो. शनिवारी सराव आणि रविवारी रेस असेल तर शुक्रवारी संध्याकाळी उचला. नवी रिंग कुठल्या दिशेला फिरते, हे बोटांना कळायलाच अर्धा दिवस जातो. कॅनन आणि निकॉनची दिशा तर एकमेकांच्या उलट आहे.

दुसरी लेन्स कधी घेऊ?

मागच्या रेसचे आवडलेले फोटो कॉम्प्युटरवर फोकल लेंग्थप्रमाणे लावून बघा. निम्म्याहून जास्त शेवटच्या टोकाला, म्हणजे २०० किंवा २५० मिमीला अडकलेले असतील आणि तरीही कापावे लागले असतील, तर १००-४०० घ्या. बरेचसे ७० मिमीवर अडकले असतील, तर २४-७० घ्या. आणि सगळे मधल्या टप्प्यात पसरलेले असतील, तर पैसे पेट्रोलला ठेवा, नाशिकची फेरीही गाठता येईल.